शेवटचा डबा

जुन्या बाजारात, बुधवारी,
नळाच्या तोट्या आणि बंद मनगटी घड्याळांच्या ढिगात
तो कुशीवर पडला होता.
एक चाक नाही, छपराला तडा,
अंगावर कुणीतरी फासलेलं मोरपंखी नेलपॉलिश.
विकणारा म्हणाला, "इंजिन सकाळीच उचललं एकानं.
डबे गेले सुटेसुटे. हा गार्डाचा राहिलाय. शंभर द्या."
मी सत्तर दिले.

छत्तीस वर्षं मी दात केले. लोकांचे.
रास्ता पेठेत, डॉक्टरांच्या मागच्या खोलीत,
मेणात, प्लॅस्टरमध्ये, बर्नरच्या निळ्या जिभेवर.
ज्यांच्या तोंडात माझं काम आहे
त्यांनी मला पाहिलेलं नाही.
हत्यारं अजून डब्यात आहेत.
हात सकाळी बरे असतात.

म्हणून नेलपॉलिश काढलं कवळीच्या कोरणीनं,
कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन, कडेकडेनं.
उज्ज्वला आतून ओरडली, "वास!"
मोरपंखीखाली लाल निघाला. लालखाली विटकरी.
आणि तळाला, दोन आसांच्या मधे,
कर्कटकानं कोरलेलं:
हेरंब. हात लावू नये.

मी तर चांगला आठवडाभर लावत होतो.
कोण रे तू? कंपासपेटी कुठल्या शाळेत नेलीस?
नेलपॉलिश कुणाचं, बहिणीचं?
मग भांडण झालं असणार.
तेवढी जागा कोरडी सोडली.
रंग तिच्या काठापर्यंत गेला आणि थांबला.

गेलेल्या चाकाचा साचा शेजारच्या चाकावरून घेतला,
उजवी दाढ डावीवरून ताडतात तसा.
ॲक्रिलिक होतं घरात. चाक निघालं गुलाबी,
हिरडीसारखं.
डबा तेव्हा हसला असं मी म्हणणार नाही,
पण उज्ज्वला हसली.
काळा हात दिला त्याला, दोनदा.

पायरी उदबत्तीच्या काडीची.
दांडे गिटारच्या तारेचे, सर्वांत बारीक.
तपकीर गल्लीतून मोहरीएवढा लाल दिवा,
सात रुपये, आणि दुकानदाराचा प्रश्न:
"काका, एकच?"
एकच. मागचा.

नवा रंग मात्र खोटा दिसायला लागला.
हे मला माहीत आहे: दात फार पांढरा झाला
की सगळं गाव ओळखतं.
म्हणून कोऱ्या चहाचं पाणी, विटेची भुकटी,
निरांजनाची काजळी बोटावर घेऊन
सांध्यासांध्यात जिरवली.
पावसाळे फासायला एक दुपार लागली.

मग घोरपडीहून परदेशी आले. गाडी परदेशी,
गार्डही परदेशी, फक्त आडनावानं.
एकतीस वर्षं मालगाड्या. छपरावरची
काचेची माडी बघून म्हणाले, "हे लाड आपल्याकडं नव्हते.
आपल्याला पंखासुद्धा नाही. दौंडच्या पुढं
रात्री नुसता पत्रा वाजायचा आणि मी."
आता म्हणे त्या नोकरीला मॅनेजर म्हणतात.
ते सांगताना त्यांनी चष्मा पुसला,
मग माझं भिंग मागितलं,
डबा डोळ्याशी धरला, खिडकीतून आत पाहिलं.
बराच वेळ.

मला वाटलं, आता शाबासकी.

"स्टूल उलटं लावलंय तुम्ही."
"उलटं?"
"पुढचं बघायला इंजिनात दोघं असतात.
जे मागं पडतं ते बघायला
हा एकटाच. तोंड तिकडं पाहिजे याचं."

आत कुणी बसलेलं नव्हतं.
गव्हाच्या दाण्याएवढं स्टूल,
काळ्या आगपेटीच्या काडीचं,
आणि मी ते पक्क्या गोंदानं बसवलेलं.
चहा घेऊन ते गेले. जाताना जिन्यात
दिवा लावून दाखव म्हणाले, दाखवला.
दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळून पाहिलं त्यांनी.

रात्री वर्तमानपत्र पसरलं.
छपराच्या फटीत कोरणी घातली, हळूच,
तडा जिथं बुजवला होता तिथंच.
थिनरची बाटली उघडायच्या आधी
उज्ज्वलानं उठून खिडकी उघडली.