दहा किलोच्या आत

भाडेकरारात एक ओळ आहे, कलम चौदा:
पाळीव प्राणी एक, वजन दहा किलोच्या आत.
मोहरी अडीच किलोची. म्हणजे साडेसात किलो
अजून शिल्लक आहेत माझ्या नावावर,
ते कुठे खर्च करावेत हे मी
हॅलिफॅक्सचा हा चढ चढताना रोज नव्याने ठरवते.

रविवारी चर्चमागच्या बागेत आम्ही जमतो.
चार माणसं, चार कुत्री,
सगळी मिळून एका बऱ्यापैकी लॅब्रॅडॉरएवढी.
डोरीनबाईंचा शिट्झू, नाव बिशप.
ग्लिनने जन्मभर टपाल वाटलं, दोनदा चावून घेतलं,
आता त्याच्याकडे डॅक्सहुंड, जिना आला की उचलावा लागतो.
तन्वीरची टॅक्सी फाटकाशी, तन्वीरच्या कडेवर पॉमेरेनियन,
गुलाबी पट्ट्याची. मुलगी ग्लासगोला शिकायला गेली
आणि एवढं मागे ठेवून गेली.

थर्मासमधून चहा निघाला की मोठी कुत्री निघतात.

डोरीनबाईंना न्यूफाउंडलंड हवा.
बुडणाऱ्याला ओढून काठावर आणतो म्हणे.
बाई पाण्यात कधी उतरल्या नाहीत,
ब्रिडलिंग्टनला गेल्या तरी मोजे काढत नाहीत.
"तरी असावा," म्हणतात. "वेळ काय सांगून येते?"
ग्लिनला ग्रेहाउंड, शर्यतीतून निवृत्त झालेला.
"दोघंही पळून दमलेले. सोफ्यावर विषय तरी निघतील."
तन्वीर ग्रेट डेनला शेजारच्या सीटवर बसवतो,
बेल्ट लावतो,
आणि शनिवारी रात्री दोन वाजता
मागचं तर्र झालेलं गिऱ्हाईक
त्याला पहिल्यांदाच 'सर' म्हणतं.
हसतो. मग बाहीने पॉमेरेनियनचे कान पुसत बसतो.

"आणि तू? तुला कुठल्या जातीचा?"

त्यांच्या भाषेत तो शब्द हलका आहे, बिस्किटासारखा.
माझ्यापर्यंत येईतो त्याचं मराठी होतं
आणि पाठ आपोआप ताठ होते.
सांगलीला खोली बघायला गेले होते तेव्हा
घरमालकीण सुपारी कातरत म्हणाली होती,
तसं काही नाही गं, आपलं सहज.

मोहरी आली, आणि आठवड्याने पोस्टाने तिचा कागद आला:
पाच पिढ्या, आईकडच्या, बापाकडच्या, शिक्क्यानिशी.
माझ्या पणजोबांचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.
तो कागद मी गॅसच्या बिलांखाली सारला.
तिला दाखवला नाही. डोक्यात हवा जायची.

"बर्नीज," मी सांगते.
फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, पुढचा प्रश्न येत नाही.

मला कारवान हवा आहे.
जतच्या माळावर आमच्या एसटीचं टायर फुटलं,
तेव्हा धनगरामागे उभा होता तो.
बरगड्या मोजून घ्याव्यात असा, पाय लांबच लांब.
खाली उतरलेल्या सगळ्यांना त्याने एकेक करून हुंगलं.
मास्तरांना, कंडक्टरला, पिशवीवाल्या काकूंना.
मलाही. तेवढाच वेळ.

रात्री मोजपट्टी काढते.
सोफा ते रेडिएटर, पाच फूट दोन इंच.
तो आडवा पडला तर शेपूट स्वयंपाकघरात.
जिन्याखाली तीन फूट, तेही हूव्हर हलवला तर.
करारामागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवते;
तिथे मार्चपासूनचे आकडे आहेत,
घर काही वाढलेलं नाही.

पट्टी सरकू नये म्हणून
मोहरी तिच्या टोकावर बसून आहे,
मोठी जबाबदारी पडल्यासारखी.
"ऊठ गं," म्हणते. उठत नाही.
सोडली तर सपकन परत येईल आणि तिला लागेल,
म्हणून मी या टोकाला
धरून बसले आहे.