माणसं येण्याआधीचा आवाज

शनिवारी दुपारी चारला, पत्र्यावर ऊन तळत असताना
आम्ही चौघांनी मिळून एवेलियोचा पिको अंगणात उभा केला.
बारांकियात पिको म्हणजे कपाटाएवढा स्पीकर,
याच्या पोटावर जांभळा पेलिकन,
चोच उघडी, चोचीत अख्खी होडी.
पोरं पाठ टेकून उभी राहतात तिथला पंख पुसट झालाय.

इक्वलायझर वयानं माझ्याहून मोठा.
एकतीस सरकत्या खुंट्या.
दोघींच्या टोप्या हरवल्या, तिथं कापून बसवलेली बुचं.
खाली आकडे: चाळीस, पन्नास, त्रेसष्ट, ऐंशी...
चौदाव्या वर्षी मी ते पाठ केले
आणि शाळेतले पाढे विसरले.

एवेलियो पेर्तुस वस्तूंकडून ऐकायचा.
पन्नासला शेजारणीचा पत्रा थरथरायला हवा,
ऐंशीला ग्लासातल्या बिअरवर वर्तुळं,
आणि एकशे पंचवीसला
बरगड्यांखालची ती जागा, जिथं उपास कळतो.
"आणि अडीचशेला?"
"अडीचशेला चिखल, नायीबे.
जो तो म्हणतो, बेस वाढव.
आधी चिखल उपसून बघ,
पाणी होतंच खोल."

मग तो केस कापायला गेला.

मी काँगोची एक जुनी तबकडी लावली.
रिकामं अंगण, प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक,
आणि आवाज नुसता दातांवर येत होता.
झांजा टोचत होत्या, गिटार काचेची,
बेस वाळलेल्या भोपळ्यासारखा हलका.
म्हातारा झाला, म्हटलं. कान गेले बिचाऱ्याचे.
वरच्या सगळ्या खुंट्या मी दोन-दोन ठिपके खाली ओढल्या,
खालच्या वर.
अडीचशेही चढवला, कारण ऊब आली.
कुत्रं उठून गाड्याखाली गेलं.
मला वाटलं, आता कुठं बेस आला!

सातला दोमितिला तिची तळणाची कढई घेऊन आली.
मग गोदीवरचे हमाल, अंघोळ करून.
ओल्या केसांच्या पोरी. कडेवर पोर घेतलेला एक बाप.
नऊला पाय ठेवायला जागा नाही,
आणि आवाज बुडायला लागला.
प्रत्येकानं आल्याआल्या त्यातलं थोडं थोडं घेतलं:
सदऱ्यांनी झांजा, केसांनी तारा,
घामेजल्या पाठींनी गाण्यातले सगळे त-थ-स.
बेस मात्र कुणी घेईना.
तो भिंतीपाशी साचून राहिला, पावसाळी गटारासारखा.
गाणारा तोंडात भात घेऊन गातोय असं वाटत होतं.
लोक नाचत होते, पण त्यांचे पाय
अंधारात चप्पल शोधावी तसे ताल शोधत होते.
कुणीतरी ओरडलं, "पेलिकनला सर्दी झालीय!"

मागून न्हाव्याच्या पावडरीचा वास आला.
एवेलियो काही बोलला नाही.
माझ्याकडे बघतच त्यानं बोटांनी चाचपत
एकेक खुंटी जागेवर नेली,
शेवटी अडीचशे, पार तळाशी.
गर्दीत मधोमध वाट पडावी
आणि वाटेतून एखादा धिप्पाड माणूस
कुणाला धक्का न लावता आत यावा
तसा बेस आला.
दोमितिलाच्या कढईची कडीसुद्धा वाजली.
"दुपारी तू अंगणाला ऐकवत होतीस," तो म्हणाला.
"अंगण नाचत नाही."
आणि बिअर आणायला गेला.

आता मीच खुंट्या लावते, सांता मार्तापर्यंत बोलावणी येतात.
दुपारी मालक कपाळाला आठ्या घालून उभा राहतो:
बाई, हे टोचतंय. बेस कुठाय?
मी म्हणते, आठनंतर येईल, माणसांबरोबर.
त्याला ते पटत नाही. पैसे निम्मेच हातावर ठेवतो.
मी शेजारचा पत्रा तेवढा बघून घेते.
थरथरतोय.