पक्का रंग

कापड बोटांत चुरगाळून गिऱ्हाईक आधी हेच विचारतं,
रंग पक्का आहे ना?
थियेसच्या स्टेशनामागे चौदा वर्षं
माझं उत्तर ठरलेलं:
धुवा, उन्हात टाका, गेला तर मशीन तुमचं.

मशीन अजून माझंच आहे.

खुदियाचा रंग तसा होता. माझी धाकटी बहीण.
तव्याच्या पाठीचा म्हणत लोक, ते खोटं.
निळीत बुडवून तिसऱ्यांदा पिळलेलं कापड
सावलीत वाळताना जी झाक धरतं, ती.
भरदुपारी गल्लीतून आली
तर ऊनच जरा धुवट दिसायचं.

मग लग्न ठरलं.
नवऱ्याच्या बहिणी बघून गेल्या. भात जेवल्या, मासे वाखाणले.
थोरली उंबऱ्यात चप्पल शोधत म्हणाली,
पोरगी गुणी आहे.
आणि 'आहे'नंतर
जरा जास्तच वेळ चप्पल शोधत राहिली.

त्या थांबण्यात मावेल एवढीच बाटली होती ती.
लेबल नसलेली,
बाजारातल्या फिरत्या बाईनं पिशवीला गाठ मारून दिलेली.
वास मी ओळखला.
डाग काढायला आम्हीही वापरतो, दोन थेंब,
आणि तेवढ्या जागी पुन्हा जोर लावत नाही,
कापड तिथून जातं.

तिला हे सांगितलं नाही.
उलट म्हणालो, छान दिसतेस.

फोटोही छान आले.
फक्त बोटांची पेरं मागे राहिली,
कोपरं, घोटे,
काळीच्या काळी, हट्टी,
बोलावणं गेलं तरी वरातीत न आलेल्या
गरीब नातेवाइकांसारखी.
हातमोजे शिवून दे, म्हणाली, पांढरे, लेसचे.
दिले. पैसे घेतले नाहीत.
घ्यायला हवे होते,
निदान धंदा केला असं म्हणता आलं असतं.

दोन वर्षांनी पोट चिरून मुलगी काढली.
डॉक्टरीण बाहेर आली, मास्क हनुवटीवर.
मूल ठीक आहे.
आईला टाका धरत नाहीये,
सुई लावली की कातडी फाटतेय,
काय लावायची ही?

बाकड्यावर आम्ही नऊ जण. तिचा नवरा छताकडे बघत होता.
ते वाक्य पुरतं कळलं ते मला एकट्याला.
विरलेल्या कापडावर टाके घातलेत मी.
दोरा ओढला
की हातात दोराच राहतो.
अशा वेळी आम्ही मागून अस्तर लावतो.
जुन्या लुगड्याचं, पिठाच्या पोत्याचं, काहीही चालतं.

वाचली ती. जखम भरायला सात आठवडे लागले,
वेडीवाकडी भरली,
शिकाऊ पोरानं शिवल्यासारखी.

नाव ठेवायचं ते मात्र सातव्या दिवशीच ठेवलं,
आईवाचून, घरी. दाबा.
मी टेप घेऊन झबल्याचं माप काढत होतो
तेव्हा तीच थोरली नणंद पुढे झाली,
बाळाचा कान हलकेच दुमडला, कड निरखली.
आत्ता दिसते उजळ, म्हणाली,
पण खरा रंग कानाच्या कडेला असतो.
हिचा पक्का होणार.
आणि थांबली. मला ते थांबणं ओळखीचं होतं.

धुवा, म्हणालो मी, उन्हात टाका.
कुणी हसलं नाही.
बकरं कापायला आलेला माणूस तेवढा
गेला तर काय, असं विचारून गेला.

संध्याकाळी वॉर्डात जाऊन खुदियाला सगळं सांगितलं.
कानाचंही.
सलाईनकडे बघत ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, म्हणजे माझ्यासारखी?

कोणत्या तुझ्यासारखी, हे विचारायला मी तोंड उघडलं,
तर चादरीखालून तिनं हात काढला,
मूठ वळली,
आणि पेरं माझ्याकडे केली.