डोळा बांधताना

जंबेरीचा खुंट पेन्सिलीएवढा झाला
की त्याला डोळा बांधायचा.
सालीवर काप, आत संत्र्याचा डोळा, वरून पन्नीची पट्टी.
मग एकवीस दिवस हात लावायचा नाही.
शेंदुरजन्याच्या रोपवाटिकांत
हे मी अठ्ठावीस हिवाळे केलं.

मोहिनी समोरच्या ओळीत पट्ट्या गुंडाळते,
एका कानात वायर, तोंडातल्या तोंडात स्पॅनिश.
एकोणीस तारखेला नागपूरच्या कंपनीची परीक्षा.
तीन दिवसांपासून एकाच धड्याशी अडून बसली आहे.
"काहून वं?"
"बाबा, इथं क्रियापद वेगळंच रूप घेते.
जे झालं नाही, होईल का तेही माहीत नाही,
पण कोणाच्या तरी मनात आहे, त्याच्यासाठी."
"मंग? आपलं सारं कामच तसं हाये."

मातीच्या हातानं तिनं वही उघडली.
आब्लो : मी बोलते.
शेवटचा ओ छाटायचा.
उरल्या खुंटावर आर-वाल्यांना ए बांधायचा,
एर-वाल्यांना न् इर-वाल्यांना आ.
आब्ले. कोमा. बीबा.
यांच्या घरचा आ त्यांच्याकडं,
त्यांचा ए यांच्याकडं.
"हे तर कलमच झालं," मी म्हटलं,
"खुंट एकाचा, डोळा दुसऱ्याचा."
ती हसली नाही.
पण पुढची बारा क्रियापदं तिनं चाकू फिरवल्यासारखी छाटली.

गिरजाबाई ऐकत होती.
"कोमा म्हंजे काय वं?"
"जेवो."
"अगंबाई! माह्या दिराले कोणी सांगतलं असतं हे."
मी बीबाशी थांबलो.
आमच्याकडं बिबा टाचेच्या भेगेत घालतात,
उतला तर कातडं घेऊन जातो.
तिकडं म्हणे तोच शब्द म्हणजे
जगो.

रात्री लाईट गेली.
मोबाइलच्या उजेडात ती नियम पाठ करत होती :
यात माणसं दोन लागतात.
एक मागणारा, एक करणारा.
मागणाराच करणारा असला
तर साधं रूप पुरते, काही बांधावं लागत नाही.
मी शेकोटीत तुऱ्हाट्या सारत राहिलो.
"बाबा, तुम्ही एखादं वाक्य सांगा नं. सरावाले."
माझ्याकडं एक होतं.
मी म्हटलं, "गाडी वेळेवर येवो, असं घे."
"येणं नियमात बसत नाही," ती म्हणाली, "दुसरं सांगा."
दुसरं मी सांगितलं नाही.

एकोणीसच्या पहाटे वरूडची एसटी
पाच मिनिटं आधीच आली.
तिनं खिडकीतून बोट दाखवलं, वाफ्यांकडं,
म्हणजे पट्ट्या सोडा, आज एकविसावा.

मी खाली बसलो.
एस्पेरो, ती म्हणायची, याचे अर्थ दोन,
वाट पाहतो आणि आशा करतो,
त्या लोकांनी वेगळा शब्दच ठेवला नाही.
ब्रोतार म्हणजे फुटणं. आर-वाला, नियमातला.
ओ छाटला. ए बांधला.
एस्पेरो के ब्रोते.
मोठ्यानं म्हटलं असावं,
कारण गिरजाबाईनं मान वर केली :
"कोणाशी बोलून रायले भाऊ?"

पहिली पट्टी सोडली. हिरवा.
दुसरी. काळा.
ओळीत चारशे रोपं होती.