तळाची ओळ

रविवारच्या फिल्म क्लबसाठी
जुन्या तुर्की सिनेमाच्या तळाशी मराठी ओळी घालायचं काम
माझ्याकडं आलं. टायपिंग माझं जलद,
आणि पैसे मी मागत नाही.

खरी कॉर्नरला पिठाच्या गिरणीवर माझी खोली.
खाली जोंधळा पडला की लॅपटॉप थरथरतो,
इस्तंबूलचा समुद्रही थरथरतो थोडा.
शेजारी पाय पसरून हौसाक्का इंगवले,
स्टुडिओत एकतीस वर्षं नट्यांचे केस बांधलेल्या.
भाषा कळत नाही. गोष्ट सगळी पाठ.

‘आता ही आंधळी हुनार बघ.’
होते.
‘आता जिना.’
येतो जिना, संगमरवरी, गोल,
नायिका चाचपडत उतरायला लागते,
आणि वर उभी असते पिवळ्या केसांची,
बोटांत सिगरेट.
‘टोप हाय त्यो. कानामागं गोंद दिसतोय.’

पिवळ्या केसांचीला या सिनेमात घर नाही.
आई नाही, भूक नाही, कधी ताप येत नाही.
ती वर उभी राहून हसते,
म्हणजे खाली पडणारी पवित्र दिसते.

‘आमच्यात द्रौपदा असायची त्या कामाला.
दुपारी टोप काढला की म्हणायची, तेल घाल गं डोक्यावर.
माझ्या बाळंतपणात डिंकाचं लाडू तिनंच केलं.’
आणि चांगलीचं काम करणारी?
‘ती सात पिक्चरात आंधळी झाली.
ग्लिसरिन मीच घालायचो.
म्हातारपणी खरंच दिसंना झालं तिला,
कशानं ते देवाला ठावं.
आपरेशनला कुठला हिरो आला न्हाई.’
सुपारी कातरल्याचा आवाज. गिरणी बंद झालेली.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला सरबतात काहीतरी कालवतात.
मग सकाळ. ती आरशापुढं येते,
एवढंसंच बोलते.
मी टाइप करते: मी बाटले.
खोडते.
मी नासले.
हे मोठ्यानं वाचलं, तर हौसाक्का माझ्याकडंच बघायला लागल्या.
‘दूध नासतं. बाई कशी नासंल?’

क्लबचे सर सांगत होते,
तुर्कीत क्रियापदाला बाई-पुरुष नसतो.
तो आणि ती, दोघांना मिळून एकच अक्षर.
म्हणजे ती बोलते ते उघड्या डोक्यानं बोलते;
प्रत्येक वाक्यावर पदर ओढतेय मी,
‘ले’चा, ‘ते’चा, रात्री साडेअकरापर्यंत बसून.

आणि शेजारी ही बाई:
मी गेलो, मी जेवलो,
मी दोनदा बाळंत झालो.
माझी आईही अशीच बोलायची. मीही.
पुण्याच्या होस्टेलात दारात उभी राहून
‘मी आलो’ म्हणाले, तर सहाजणी हसल्या.
त्यातली एक कॉटवरून उठून
मिशी कुठाय म्हणून बघायला आली.
आठवडाभरात मी सुधारले.

आरशाच्या ओळीखाली काहीच लिहिलं नाही.
रविवारी तिथं तिचे ओठ हलले
आणि पडद्याचा तळ काळाच राहिला.
‘ओळ गेली वाटतं,’ कुणीतरी म्हणालं,
कुणीतरी पंख्याचं बटण शोधत होतं.

शेवटच्या रिळात ती घर सोडते.
डोळे परत आलेत, नवरा पाया पडतोय,
पिवळ्या केसांची कधीच मेलीय, तिला कुणी विचारत नाही.
दारात थांबून ती मागं बघते.
तळाशी माझी ओळ:
मी जातो.

सरांची मान वळली, चूक सापडल्यासारखी.
मी मागच्या रांगेत श्वास धरून बसलो होतो.
पुढून हौसाक्कांचा आवाज आला, सवयीनं,
मी ओळ वाचून दाखवली होती त्यांना आधीच:
‘जातो म्हनू नये गं. येतो म्हनावं.’
आणि थोड्या वेळानं, हळू,
‘न्हाई, ऱ्हाऊ दे. जा तू.’