मुगरमान

सुनेत्राताई, तुमचा फोन आला तेव्हा
भायखळ्याच्या दवाखान्यात माझी रात्रपाळी सुटत होती.
आठ मार्चला दादरला कार्यक्रम आहे, म्हणालात,
तुमच्या बायकांचा नाच बसवशील का,
तो ढोलाचा, कवड्यांचा, फार एनर्जी असते त्यात.
मी हो म्हटलं. वाटलं, नाचानंतर माइक मिळेल.

वेळ संपला होता.
आम्ही सात जणींनी विंगेत बटाटेवडे खाल्ले
आणि शेहरबानू फुफीनं मुगरमान चादरीत गुंडाळला
ताप आलेल्या पोरासारखा.

बोलायचं होतं ते काही मोठं नव्हतं.
चौथीत इतिहासाच्या तासाला जंजिरा आला
की पस्तीस माना माझ्याकडे वळायच्या.
बाई म्हणायच्या, पुढे बघा. त्याही बघायच्या.
डोंगरीत जन्मले, डोंगरीतच वाढले,
तरी खोली बघायला गेले की आधी पासपोर्ट मागतात.
पेशंट विचारतो, नायजेरिया का?
मी म्हणते, सलाइनचा हात हलवू नका, काका.
माझं मराठी ऐकून तो दचकतो,
जणू खुर्ची बोलली.
आणि तुमच्याच सभेत एका बाईंनी
न विचारता माझ्या केसांत बोटं घातली,
किती गोड गं, स्प्रिंगच जशी!
त्या दिवशी त्यांचं भाषण संमतीवर होतं.

हेही सांगितलं असतं,
की रेहानाच्या बरगडीचा एक्स-रे मीच काढवला,
आणि जमातीतले चाचा म्हणाले, चौकीत नको,
आधीच आपली पोरं उचलतात,
तू त्यांच्या हातात आणखी एक काठी देणार?
खरं होतं त्यांचं.
बरगडीपण खरी होती.
तुमच्याकडे यावं, तर कुणीतरी मान हलवून म्हणेल,
त्यांच्यात असंच असतं.
त्यांच्यात.
दोन दारं, दोन्हींना आतून कडी,
मधल्या जिन्यात माझी बहीण
अर्धा अर्धा श्वास घेत.

तुम्ही वाईट नाही, ताई.
माझा नोकरीचा अर्ज तुम्हीच लिहून दिला होता,
'कष्टाळू' दोनदा, 'हुशार' एकदाही नाही.
मी तो तसाच दिला. नोकरी लागली.

यंदा पुन्हा फोन आलाय.
येईन. रेहानापण येईल,
तिला जिना हळू चढावा लागतो.
मुगरमान घरीच राहील,
फुफी त्याला टेकून तांदूळ निवडेल.
दोन खुर्च्या ठेवा.
पुढच्या नकोत, दाराजवळच्या.
मला आठला ड्यूटी आहे.