चौदाशे तेरा

हिद्द. रात्रपाळी. दोन वाजून वीस.
बाहेर ऑगस्ट, दार उघडलं की चष्मा आंधळा.
हातात प्रमाणद्रावणाची बाटली,
लेबलवर चौदाशे तेरा, पंचवीस अंशाला.
फोडल्याची तारीख मीच लिहिलेली,
अक्षर बाच्या वळणाचं.

शिजू म्हणाला, घरत, शहराकडं जाणाऱ्या पाण्याचा मीटर चढलाय.
तीनशेच्या जागी नऊशे.
प्रोब म्हातारा झालाय, जरा खाली आण,
सहाला साहेब येतात.

खाली आण.
जसा रेडिओचा आवाज.

प्रोब काढला, तीनदा धुतला,
द्रावणात सोडला.
एक बुडबुडा आत अडून बसलेला, त्याला टिचकी मारली.
आकडा हलला, थांबला, पुन्हा हलला.
वाट बघायची. खरं तर पगार त्याचाच.

बा उरणच्या मिठागरात
कोंडीतलं पाणी बोटावर घ्यायचा, जिभेला लावायचा,
थुंकून म्हणायचा, अजून दोन दिवस.
दोनच लागायचे.
ती जीभ कशाशी जुळवून घेतली होती
हे त्यालाही सांगता आलं नसतं.
त्यानं जन्मभर मीठ ठेवलं आणि पाणी उन्हाला दिलं.
मी पाणी ठेवतो, मीठ समुद्राला परत करतो.
आई फोनवर एवढंच विचारते,
तिकडं नळाला रोज येतं का रे?

चौदाशे नऊ.

गेटवरचा खलफ सांगतो,
मुहर्रकसमोर समुद्राच्या तळाशी गोडं पाणी फुटायचं.
मोती काढणारे पखाल घेऊन बुडायचे,
झऱ्यावर तोंड धरून भरून आणायचे.
एवढ्या खाऱ्यात सापडायचं कसं? मी विचारलं.
पायाला गार लागायचं, म्हणाला,
आणि सँडलमधून पाय काढून दाखवला,
जणू तो आजोबांचाच.
आता तिथं काही नाही. भराव आहे, वर फर्निचरचं दुकान.

चौदाशे बारा.
तेरा.
तेराच.

म्हणजे मीटर बरोबर.
नळाखाली चंबू धरून हातानं नमुना घेतला,
दुसऱ्या मीटरवर लावला: नऊशे सहा.
शिजूनं बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
जसा मीच खारट झालो होतो.

वहीत लिहिलं:
प्रोब ठीक, काही बदललेलं नाही.
तिसऱ्या रॅकमध्ये मेम्ब्रेन फाटलं असावं.
लाइन बंद करावी, साहेबांना आत्ताच उठवावं.
शेवटचं वाक्य खोडलं,
पुन्हा तेच लिहिलं.

वापरलेलं द्रावण बाटलीत परत ओतायचं नसतं.
सिंकमध्ये ओतलं. बोटाला थोडं लागलं होतं.
लॅबमध्ये हे चालत नाही, मला माहीत आहे.
शिजूची पाठ होती, तेवढ्यात जिभेला लावलं.

काही विशेष नाही.
असेल-नसेल इतकं खारट.

मागं शिजूनं फोन उचलला,
ठेवला,
पुन्हा उचलला.